जेवणाआधी म्हणजे कधी?

आमच्या ग्रुपवर आजवर लोक ज्या प्रश्नाला सगळ्यात जास्त हसले, तो प्रश्न असा होता : "इन्शुलिन जेवणाआधी घ्यायचं म्हणजे कधी?"

हसणाऱ्यांना मी फार दोष देत नाही. पुण्यात चारचौघांत असा प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. इथे बोर्डावर लिहिलेलं पुन्हा विचारलं तर दुकानदार मान वर न करता म्हणतो, "वाचता येतं ना?" तीच सवय मोबाइलमध्ये शिरली, एवढंच. पण मी तेव्हा हसले नाही आणि आजही मला त्या प्रश्नाचं हसू येत नाही. का, ते सांगते.

मी वाघमारे सिस्टर. पुण्यातल्या एका रुग्णालयात उभी हयात गेली, त्यातला उत्तरार्ध मधुमेहाच्या ओपीडीत. बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्स म्हणजे सुई टोचणारी बाई. आमच्या विभागात सुई पेशंटनं स्वतः टोचायची असते. ती कशी, कुठे, कधी, हे शिकवणं माझं काम. डॉक्टर लिहून देतात, पेशंट मान हलवतो आणि दोघंही समाधानानं आपापल्या वाटेला लागतात. त्या दोघांच्या मध्ये जे सांडतं ते मी भरत बसायचे.

त्यातलं एक इथेच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे. साखर वाढली की माणूस हळूहळू खंगतो, त्याला वर्षं लागतात. साखर उतरली तर मात्र घटकाभराचा खेळ असतो. इन्शुलिन घेतलं आणि पोटात अन्न पडलं नाही की आधी घाम येतो, हात थरथरतात, मग माणूस उगाच चिडतो आणि मग त्याचं डोकं चालेनासं होतं. उपाय काय, तर साखर खाणं. लहान पोरही सांगेल. पण साखर उतरलेल्या माणसाला नेमकं तेवढंच सुचत नाही. समोर साखरेचा डबा उघडा असला तरी तो त्याच्याकडे नुसता बघत बसतो. अशी शिकली-सवरलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. काही वाचली. काहींना आणायला उशीर झाला.

निवृत्त झाले तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनी पेशंटांचा एक ग्रुप काढला आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, घरी बसून काय कराल? प्रश्नांची उत्तरं द्या. अडलं तर मला विचारा." मला वाटलं, सोपं काम आहे. ओपीडीत रांग असते, पाय दुखतात, वास असतो. इथे खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा आणि लिहायचं. कसलं सोपं! समोर पेशंट असला की त्याचा चेहरा दिसतो. प्रश्न विचारताना तो घरच्यांकडे बघतो की जमिनीकडे, ते दिसतं. मोबाइलवर नुसता प्रश्न येतो, कपडे न घालता आल्यासारखा. आणि आजूबाजूला बघे उभेच असतात.

ओपीडीत माझी एक पद्धत होती. कुणी काही विचारलं की मी लगेच उत्तर देत नसे. म्हणायची, "कालचा दिवस सांगा." उठलात कधी, चहा कधी, काय खाल्लं, कुठे गेलात. माणूस प्रश्न विचारतो तो आपल्या दिवसातून उचलून आणलेला असतो. दिवस कळला की प्रश्न कळतो. तीच पद्धत मी ग्रुपवर आणली.

मंडईत फळं विकणारे बबनराव म्हणून एक आहेत. त्यांनी एकदा लिहिलं, "सिस्टर, फळातली साखर हातातून अंगात चढते काय?" झालं! हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. आमचे आपटेकाका लिहिते झाले, "उद्यापासून मी मिठाईच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडतो." मी बबनरावांना म्हटलं, कालचा दिवस सांगा. तर गृहस्थ साखर तपासायचे ते गाळ्यावर बसूनच. गिऱ्हाइकाला पपईची फोड चाखायला द्यायची, हात फडक्याला पुसायचा आणि त्याच बोटातून रक्ताचा थेंब काढायचा. यंत्र रक्तातली साखर दाखवत होतं की पपईची, देव जाणे. आकडा बघून डोस वाढवायचं घाटत होतं. मी म्हटलं, साबणानं हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. आकडा निम्म्यावर आला. अंगात नाही, पण यंत्रात साखर हातातूनच चढत होती! त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, फक्त हसण्याच्या गडबडीत कुणी तो वाचलाच नाही.

दुसरे एक गृहस्थ रोज सकाळी एकच विचारायचे, "भाकरी खाऊ की पोळी?" रोज! मी रोज उत्तर द्यायची. लोक वैतागले, "काका, कालच सांगितलं ना!" एक दिवस मी विचारलं, "तुम्हाला करून कोण देतं?" तर म्हणाले, "कोणी नाही. ही गेली. डबा येतो, डब्यात पोळीच असते." मग मी कधी कंटाळले नाही. सकाळी कुणीतरी आपल्याला भाकरी की पोळी सांगावं, एवढीच त्या माणसाची मागणी होती.

आता आपटेकाकांविषयी. बिबवेवाडीत राहतात, निवृत्त इंजिनियर, एकटे, लेक परदेशी. मधुमेह जुना आणि त्याचा अभ्यास दांडगा. खरं सांगायचं तर ग्रुपवर माझ्यापेक्षा त्यांचं वाचन जास्त. जेवण मोजून, चालणं मोजून, दुपारच्या जेवणाआधीचं इन्शुलिन घड्याळ लावून. फक्त अडाण्यासारखा प्रश्न दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. मी त्यांना एकदा फोन करून सांगितलं होतं, "काका, लोक बिचकतात हो." ते म्हणाले, "सिस्टर, बिचकले तर वाचतील तरी. सगळं लिहून ठेवलंय, वाचायचे कष्ट नकोत कुणाला." माणूस वाईट नव्हता. त्याला वाटायचं, माहिती दिली की काम झालं.

तर तो प्रश्न. गणपती बसले होते, गौरी यायच्या होत्या. वैशाली नावाच्या बाईंनी लिहिलं, "इन्शुलिन जेवणाआधी घ्यायचं म्हणजे कधी?" आपटेकाकांचं उत्तर तयार, "जेवणानंतरच्या अगोदर." लोक हसून लोळले. कुणी म्हणालं, "मॅडम, जेवता कधी ते तुम्हालाच माहीत." कुणी खोक्यावरच्या सूचनेचा फोटो टाकला. वैशालीनं पुन्हा लिहिलं, "तसं नाही हो. काहून हसता?" त्या 'काहून'वरही कुणीतरी हसलं. थोड्या वेळानं बघते तर दोन्ही प्रश्न तिनं पुसून टाकलेले.

ओपीडीत रांगेतून न विचारताच उठून जाणारा पेशंट असतो, तो मला सगळ्यात घाबरवतो. विचारणाऱ्याची मला काळजी नसते, त्याचं काहीतरी करता येतं. मी शाळेत मागच्या बाकावर असायची आणि प्रश्न विचारला की पुढची पोरं हसायची. घरी येऊन रडले की वडील म्हणायचे, "हसू दे. उत्तर मिळालं ना? मग?" प्रत्येकाला असे वडील नसतात.

मी वैशालीला वेगळा मेसेज केला, "ताई, मी सिस्टर. कालचा दिवस सांगा." तिनं सांगितला. मूळची यवतमाळची, नवरा इथे कारखान्यात, घरात सासूबाई. इन्शुलिन नुकतंच लागलेलं, सकाळी आणि रात्री. काल काय, तर सकाळी इंजेक्शन, लगेच नाश्ता, दुपारी जेवण, सगळं वेळेवर. कुठेच खोट नाही. मी बुचकळ्यात पडले. कालच्या दिवसात प्रश्न नव्हताच.

मग एकदम सुचलं. लिहिलं, "बरं, उद्याचा दिवस सांगा."

उद्या तिच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे इकडच्या गौरी, जेवणार होत्या. आमच्याकडे गौरी-गणपती नाहीत, आम्ही बौद्ध. त्यामुळे मी सरळ विचारलं, "म्हणजे उद्या नक्की काय काय असतं?" विचारायला मला कसली लाज! ती भडाभडा लिहायला लागली. पहाटे अंघोळ, मग सोवळ्यात स्वयंपाक, सोळा भाज्या, पुरण, आंबील. नैवेद्य दाखवेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. नैवेद्य झाला की सवाष्णी जेवणार, मग पुरुष, मग घरच्या बाया. "किती वाजतात?" मी विचारलं. "दुपार होते. कधी तिसरा प्रहर. काही भरवसा नसतो ताई. म्हणूनच विचारत होते ना, जेवणाआधी म्हणजे कधी."

आता सांगा, हा प्रश्न अडाण्याचा आहे?

मी म्हटलं, "सासूबाईंना सांगितलंत का?" तर म्हणाली, "वर्षाचा सण आहे ताई. त्यांना कसं सांगू, की मी नैवेद्याच्या आधी खाते? बाईनं असं करायचं नसतं." आणि जाता जाता लिहिलं, "ते आपटेकाका आमच्याच गल्लीत राहतात. समोरच्या बिल्डिंगीत. आता दिसले की तोंड लपवावं लागंल."

मी मॅडमना फोन केला. त्यांचं सांगणं स्वच्छ होतं : सकाळी नाश्ता करणार असेल तरच इंजेक्शन घ्यायचं, उपाशी राहणार असेल तर घ्यायच्या आधी मला फोन करायचा. मी ते जसंच्या तसं वैशालीला कळवलं. वर सांगितलं, घाम किंवा थरथर आली तर देवाधर्माचा विचार न करता साखर खा. तिचं उत्तर आलं, "ठीक आहे ताई."

'ठीक आहे' या दोन शब्दांवर माझा मुळीच विश्वास नाही. माणूस ऐकायचं थांबला की म्हणतो, ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुणे होते, त्यांच्या गडबडीत माझा फोन बाजूलाच पडला. पाहुणे गेले आणि मी फोन हातात घेतला, तर वैशालीचा सकाळचा मेसेज. "ताई, इंजेक्शन घेतलं. सासूबाई म्हणल्या यंदा लवकर उरकू, नाश्त्याच्या टायमालाच नैवेद्य होईल. आता सोवळ्यात जाते."

यंदा लवकर उरकू! अहो, हे वाक्य दरवर्षी प्रत्येक घरात म्हटलं जातं. आमच्याकडे सण नाही, तरी मला माहीत आहे. नैवेद्य वेळेवर झालेलं घर मला कुणी दाखवावं.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. आणि मग माझ्या लक्षात आलं, ती सोवळ्यात आहे. सोवळ्यातली बाई फोनला हात लावत नाही. मी कितीही लिहिलं, कितीही वाजवलं तरी ते तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. नवऱ्याचा नंबर माझ्याकडे नाही. मॅडमचा फोन बंद, त्या कुणाला तरी तपासत असणार. मी विश्रांतवाडीला. मधे अख्खं शहर, गणपतीची गर्दी, पेठांतले रस्ते बंद. रिक्षावाल्यानं मला वेडी म्हटलं असतं. मला रडू फुटायचं बाकी होतं. तिला इंजेक्शन घेऊन कितीतरी वेळ झाला होता आणि ती पोरगी गॅससमोर पुरण घोटत उभी होती.

जवळ एकच माणूस होता. आपटेकाकांना फोन लावला.

मी म्हटलं, "काका, जेवलात का?" आपण फोनवर पहिलं तेच विचारतो. ते म्हणाले, "सिस्टर, माझ्या जेवणाची चौकशी करायला फोन केलात? काम बोला." मी काम बोलले. कालच्या वैशालीचं नाव सांगितलं, समोरची बिल्डिंग सांगितली, सकाळचं इंजेक्शन सांगितलं, नैवेद्य सांगितला. पलीकडून फक्त, "कुठला मजला?" मी म्हटलं, माहीत नाही. "शोधतो," म्हणाले आणि फोन बंद.

पुढचं मला नंतर कळलं. काकांनी साखर तपासायचं यंत्र खिशात टाकलं, पायांत घरातल्याच सपाता, आणि रस्ता ओलांडून गेले. दार उघडंच होतं, घरात पाहुणे, धुपाचा वास. पुरुषमंडळी म्हणाली, "या, बसा, दर्शन घ्या." काका थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. आत वैशाली ओट्याला धरून उभी. घामानं निथळलेली. सगळे समजत होते, गॅसच्या धगीनं. काकांनी नाव विचारलं तर त्यांच्यावरच खेकसली, "काय कटकट आहे!" आयुष्यात मोठ्या माणसाला उलट न बोललेली बाई. काकांना काय ते समजलं. ते सासूबाईंना म्हणाले, "आजी, हिला आत्ताच्या आत्ता साखर द्या. नाहीतर ही पडेल आणि उठणार नाही."

नैवेद्य व्हायचा होता.

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. मग पंचामृतासाठी काढलेली साखरेची वाटी उचलली, तिच्यावर तुळशीचं पान ठेवलं, दोन पावलांवरच्या महालक्ष्म्यांपुढे धरली, भोवती पाणी फिरवलं आणि तीच वाटी आणून सुनेच्या तोंडाला लावली. "खाय," म्हणाल्या. "त्याहिनं खाल्ली. आता तू खाय." वैशालीनं खाल्ली. हळूहळू तिचे डोळे जागेवर आले. तेव्हा सासूबाई रडायला लागल्या, "मले काहून नाई सांगतलं पोरी? मी का राक्षसीन हाओ?" वैशाली म्हणाली, "विचारलं होतं ना आई. सगळे हसले."

काका तिथेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि तसेच मागे वळून जिना उतरायला लागले.

यानंतर माझा फोन वाजला. काकांचाच. मी म्हटलं, "काका, कशी आहे ती?" पलीकडून नुसता श्वास. मी पुन्हा विचारलं. मग आवाज आला, पण तो काकांचा वाटेना. जड, लांबून आल्यासारखा. म्हणाले, "सिस्टर. मी जिन्यात बसलोय. हात... हे... असं होतं तेव्हा काय करायचं असतं?"

मी फोन केला तेव्हा त्या माणसाचं दुपारचं इन्शुलिन घेऊन झालं होतं. पान वाढलेलं होतं. पहिला घास घ्यायचा आणि माझा फोन आला. जेवलात का म्हणून मी विचारलं, त्यांनी टोला मारला आणि मी घाईत पुढे गेले. पानावरून उठून ते धावले. वैशालीची साखर तपासली, यंत्र खिशात ठेवलं, स्वतःचं बोट पुढे करायचं सुचलं नाही. जे मी वर सांगून ठेवलं ते हेच. ग्रुपवर सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस जिन्यात बसून मला विचारत होता, काय करायचं असतं.

मी ओरडले नाही. ओपीडीत बोलायचे तशी सावकाश बोलले, "काका, साखर खायची असते. उठू नका. मोठ्यानं हाक मारा, वैशाली म्हणून." त्यांना नाव आठवेना. मी पुन्हा सांगितलं, "वैशाली." ते म्हणाले, "वैशाली." मी म्हटलं, "मोठ्यानं, काका." मग त्यांनी हाक मारली. कुणीतरी धावत आल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या आणि सासूबाईंचं बोलणं ऐकू आलं, "आ करा बाबा, आ करा." मी फोन कानाला लावून किती वेळ उभी होते, माहीत नाही. कुणीतरी म्हणालं, "उठले, ताई, उठून बसले," तेव्हा मी फोन ठेवला आणि रडले.

त्या दिवशी त्या घरात पहिलं पान काकांचं वाढलं. सवाष्णींच्याही आधी. वैशाली त्यांच्या शेजारीच ताट घेऊन बसली.

ग्रुप अजून चालतो. वैशाली विचारते, सासूबाईही तिच्या फोनवरून विचारतात, बोलून पाठवतात, कारण लिहिता येत नाही. लोक अजून हसतात अधूनमधून, पुणं काही एका दिवसात बदलत नाही. काकांचा स्वभावही बदललेला नाही. फक्त प्रश्न आला की त्यांचं लगेच उत्तर येत नाही. ते लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात, ते मला इथे दिसत असतं. आणि शेवटी येतं, "उद्याचा दिवस सांगा."

हे लिहायच्या आधी मी त्यांना भेटून परवानगी मागितली. म्हटलं, तुमचं नाव बदलते, जिन्याचं गाळते, लोकांत शोभा नको. ते म्हणाले, "नाव बदला हवं तर. पण मी काय विचारलं ते गाळू नका. जसंच्या तसं छापा. लोकांना कळू दे कुणी विचारलं होतं."

म्हणून नाव बदललं आहे. प्रश्न त्यांचाच आहे : "सिस्टर, असं होतं तेव्हा काय करायचं असतं?"